बाळाचं तोंड पाहिलं की सगळं विसरतं?

स्मशानवैराग्य, पुराणवैराग्य आणि प्रसूतिवैराग्य अशी तीन क्षणभंगुर वैराग्यं आपल्याकडे सांगतात. सरणापासून घरी परतलेला माणूस जेवला की पहिलं संपतं, पुराण ऐकून देवळाच्या पायऱ्या उतरलं की दुसरं. आणि कळा सोसताना 'पुन्हा नाही गं बाई' म्हणणारी बाई बाळाचं तोंड पाहिलं की सगळं विसरते, म्हणून तिसरं. पहिल्या दोन्हींबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसऱ्याची मात्र चक्क मोजणी झालेली आहे.

स्वीडनमध्ये उल्ला वाल्डेनस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी १,३८३ बायकांना बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी, वर्षाने आणि पाच वर्षांनी एकच प्रश्न विचारला: वेदना किती होत्या? हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी जवळपास निम्म्या बायकांना वेदना पूर्वी सांगितली होती त्याहून कमी आठवत होती. ३५ टक्क्यांना तेवढीच आठवत होती, आणि १६ टक्क्यांना तर वाढलेली. ज्यांचा एकूण अनुभवच वाईट होता त्यांची वेदनेची आठवण फिकी पडलीच नव्हती. म्हणजे प्रसूतिवैराग्याची गोष्ट जेमतेम निम्म्या बायकांपुरती खरी.

हे झालं वेदनेचं. काही जणींच्या मनात रुतून बसते ती वेदना नसतेच, भीती असते. 'बाळाचे ठोके कमी होतायत' असं कुणीतरी म्हणतं, धावपळ सुरू होते, ट्रॉली ओटीकडे, म्हणजे ऑपरेशन थिएटरकडे पळते, वर एकामागून एक ट्यूबलाइट सरकत जातात, कुणी सही घेतं, काय चाललंय ते कुणी सांगत नाही. बाई मनात म्हणते, आता मी मरणार, नाहीतर बाळ तरी. दोघं सुखरूप घरी येतात, बारसं होतं, पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी लसीकरणाला गेल्यावर स्पिरिटचा वास नाकात शिरतो आणि तिच्या छातीत धडधडायला लागतं, हात गार पडतात. तिला ओटी 'आठवत' नाही, ती त्या क्षणी ओटीतच असते.

याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी म्हणतात. नको असताना घुसणाऱ्या आठवणी आणि दुःस्वप्नं, दवाखाना टाळणं, स्वतःलाच दोष देत राहणं, सतत दचकणं आणि बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, हे सगळं महिन्याहून अधिक टिकलं की निदान होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली हा विकार आपल्या यादीत घेतला तेव्हा घटना 'नेहमीच्या मानवी अनुभवापलीकडची' असावी अशी अट होती. युद्ध बसलं, बलात्कार बसला. बाळंतपण कसं बसणार? ते तर घरोघरी होतं! १९९४ च्या आवृत्तीत अट बदलली आणि मग कुठे प्रसूतीवरच्या अभ्यासांना जोर आला. २०१७ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. सर्वसाधारण बायकांत प्रमाण सुमारे ४ टक्के निघालं आणि जोखमीच्या गटात, म्हणजे तातडीचं सिझर, खूप रक्तस्राव, अपुऱ्या दिवसांचं बाळ अशांमध्ये, १८.५ टक्के. मुळातले बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. तरी तोच ४ टक्के दर आपल्याकडे वर्षाला होणाऱ्या दोन कोटींहून अधिक बाळंतपणांना लावला, तर आकडा आठ लाखांच्या पुढे जातो.

केसपेपरवर 'नॉर्मल डिलिव्हरी' लिहिलेली बाईसुद्धा यात असू शकते. काय घडलं यापेक्षा तिला ते कसं वाटलं, आपल्या हातात काहीच नाही असं वाटलं का, सोबत कुणी होतं का, याचा विकाराशी संबंध जास्त घट्ट आढळतो. लेबर रूममध्ये ओरडणाऱ्या बाईला 'तेव्हा नाही कळलं का?' असं सुनावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता माझ्या आवडीचा भाग. घाबरल्यावर अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात, हे शाळेत शिकलेलं असतं. गंमत अशी की हे अ‍ॅड्रेनालिन मेंदूत जवळजवळ शिरतच नाही, रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला बाहेरच ठेवतो. मग मेंदूला निरोप पोचतो कसा? व्हेगस नावाची लांबलचक चेता पोटा-छातीतून मेंदूच्या बुडाशी जाते, तिच्यावरचे बीटा ग्राहक, म्हणजे निरोप टिपणारी प्रथिनं, अ‍ॅड्रेनालिनला प्रतिसाद देतात. तिथून निरोप जातो लोकस सेरुलिअसकडे, म्हणजे मेंदूतल्या हजारो पेशींच्या निळसर ठिपक्याकडे. हा ठिपका मेंदूत भीतीची दखल घेणाऱ्या अमिग्डालाच्या बेसोलॅटरल भागात नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडतो, आणि अमिग्डाला शेजारच्या, आठवणी रचणाऱ्या हिप्पोकॅम्पसला बजावतो: हे पक्कं कर. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन किनेज ए नावाचं विकर जागं होतं, क्रेब नावाचं प्रथिन जनुकं चालू करतं, नवी प्रथिनं बनतात आणि चेतापेशींमधले जोड बळकट होतात. या कामाला तास लागतात. कॅलिफोर्नियातल्या जेम्स मॅगॉ यांनी दाखवलं की उंदरांना धडा शिकवून झाल्यावर लगेच अ‍ॅड्रेनालिन टोचलं तरी धडा जास्त पक्का होतो, उशिरा टोचलं तर फरक पडत नाही. त्यांनी लॅरी काहिल यांच्याबरोबर १९९४ साली माणसांना एका अपघाताची गोष्ट सांगून प्रयोग केला. बीटा ग्राहक अडवणारी प्रोप्रानोलॉलची गोळी घेतलेल्यांना गोष्टीतला साधा भाग नेहमीसारखा आठवला, पण अपघाताचा थरारक भाग एरवी जसा ठसतो तसा ठसला नाही. (म्हणून ही गोळी आणून घेऊ नका. अपघातानंतर ती देऊन पीटीएसडी टाळण्याचे प्रयत्न फारसे यशस्वी झालेले नाहीत.)

एवढ्यावर थांबलं तर फक्त ठळक आठवण तयार होईल. विकाराला आणखी एक गोष्ट लागते. कुठे, कधी, कशानंतर काय झालं याची सांगड घालणारा हिप्पोकॅम्पस अति ताणाखाली नीट काम करत नाही, तर अमिग्डाला मात्र जोरात असतो. त्यामुळे वास, उजेड, यंत्राची पिकपिक हे सगळं घट्ट बसतं, काळाची खूण बसत नाही. तारीख न टाकलेला केसपेपर जसा आजचा म्हणून पुन्हा पुन्हा टेबलावर येत राहावा, तसं काहीसं.

पक्कं व्हायला तास लागतात म्हटल्यावर त्या तासांत ढवळाढवळ करता येईल का? स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंत्ये होर्श आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ५६ बायकांवर हे करून पाहिलं. तातडीच्या सिझरनंतर सहा तासांच्या आत काही जणींना पंधरा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं, हो, तेच वरून पडणारे ठोकळे रचायचं. ठोकळे मनात फिरवायला जी दृश्य-कार्यस्मृती लागते, तीच डोळ्यांसमोर येणाऱ्या चित्रांनाही लागते आणि दोघांना एकदम पुरत नाही, हा त्यामागचा विचार. पहिल्या आठवड्यात खेळलेल्यांना घुसखोर आठवणी कमी आल्या. प्रयोग छोटा आहे. 'गेम खेळा, आघात पळवा' असा मथळा दिसला तर पुढे जा. ऑक्सिटोसिन हे प्रेमाचं संप्रेरक आईच्या स्मृती पुसून टाकतं, हा दावाही त्याच टोपलीत टाका.

दुसऱ्या टोपलीत बाहेरची बाधा, अंगारा आणि बाळंतिणीला झाडूचे फटके देणारे. तिला काही 'लागलेलं' नसतं, आणि फटक्यांनी तर नव्या आघाताची भर पडते.

युद्धावरून परतलेला सैनिक रणांगण टाळू शकतो. इथे आठवण करून देणारं माणूस मांडीवरच असतं, दूध मागतं, आणि वर्षातून एकदा त्याचा वाढदिवस येतो. घरचे फुगे लावत असताना ही आतून गोठलेली असते. काही बायका दुसऱ्या मुलाचा विचारच सोडतात.

याची नैराश्याशी गल्लत होते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं होतं, त्यामुळे त्याची तपासणी हवीच. पण नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली 'ते दृश्य डोळ्यांसमोर येतं का?' हे विचारतच नाही. त्यासाठी लंडनमध्ये सुझन एअर्स यांनी वेगळी प्रश्नावली केली आहे.

उपचार आहेत. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनोपचार आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर पद्धत या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटना पीटीएसडीसाठी करते. बाळंतपणानंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याने मात्र विकार टळत नाही. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. फोनवर विकाराचं नाव सांगावं लागत नाही, 'बाळंतपणातलं डोळ्यांसमोरून जात नाही' एवढं पुरतं.