नाच खेळ की कला? आधी गुडघ्यांना विचारा

नाच हा खेळ आहे की कला, हा वाद सुरू झाला की लोक लगेच सौंदर्य, भाव, परंपरा यांवर जातात, पण मला वाटतं सुरुवात गुडघ्यांपासून करायला हवी. भरतनाट्यम शिकणारी मुलगी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसल्यासारखी, एकामागून एक अडवू, म्हणजे नाचाचे मूळ पदन्यास, करत असते तेव्हा मांडीचे स्नायू सलग ताणलेले असतात, गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि गुडघा जितका जास्त वाकवाल तितका तो दाब वाढतो. त्यात अनवाणी पाय जमिनीवर मारायचा, तोही तासन्‌तास. उडी मारून खाली येताना तर पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. समोर तानपुरा लागलाय की शिट्टी घेऊन रेफ्री उभा आहे, हे हाडाला आणि हृदयाला कळत नाही, त्यांना फक्त किती भार आला एवढंच कळतं.

आता कथकच्या चकरा बघा. आपण घरात दहा वेळा गरगर फिरलो तर भिंत धरावी लागते, आणि कथक करणारी व्यक्ती वीस-पंचवीस चकरा घेऊन बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते आणि तिथेच गच्च उभी राहते. हे कसं जमतं? आपल्या कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पातळ द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव जरा मागे राहतो, त्याने आतली एक मऊ पडद्यासारखी गोष्ट वाकते, आणि मेंदूला समजतं की आपण फिरतोय. पण फिरणं थांबवलं तरी द्रव लगेच थांबत नाही, चहा ढवळून चमचा काढला तरी चहा थोडा वेळ फिरतच राहतो ना, तसंच. तो पडदा आता उलट्या बाजूला वाकतो, मेंदूला वाटतं आपण उलटे फिरतोय, डोळे आपोआप एका बाजूला झटके मारायला लागतात आणि घर फिरतंय असं वाटतं.

नाचणारे लोक यावर एक युक्ती वापरतात, नजर समोरच्या एका बिंदूवर रोखायची, अंग फिरत राहतं पण डोकं शेवटपर्यंत तिथेच धरायचं, आणि मग झटकन फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणायचं. त्यामुळे डोकं सलग फिरत नाही. पण एवढ्यानेच सगळं होत नाही. 2013 मधे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 29 बॅले नर्तिका आणि वयाने-फिटनेसने त्यांच्यासारख्याच 20 महिला रोइंगपटू घेतल्या, त्यांना अंधाऱ्या खोलीत खुर्चीत बसवून गरगर फिरवलं आणि खुर्ची थांबल्यावर फिरल्याची जाणीव किती वेळ राहते ते मोजलं. अंधारात नजर रोखायला बिंदूच नाही, तरीही नर्तिकांमधे ती जाणीव लवकर विरली. एमआरआयमधे असं दिसलं की लहान मेंदूचा जो भाग कानाकडून येणारे हे संदेश घेतो, तो नर्तिकांमधे रोइंगवाल्यांपेक्षा लहान होता. संशोधकांचा अंदाज असा की वर्षानुवर्षांच्या सरावाने मेंदू त्या संदेशांना कमी महत्त्व द्यायला शिकतो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण यात तुलना आळशी माणसांशी नाहीये, कसलेल्या खेळाडूंशी आहे.

मग शरीर जर खेळाडूचं तर नाच हा खेळच म्हणायचा का? इथे मी थांबते. खेळाला निकाल लागतो, आणि निकाल लावायचा तर काहीतरी मोजावं लागतं. पॅरिस ऑलिम्पिकमधे ऑगस्ट 2024 मधे ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, पहिल्यांदा आलं, जपानच्या आमीने आणि कॅनडाच्या फिल विझार्डने सोनं जिंकलं. तिथे नऊ परीक्षक होते आणि निकष पाच, तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताशी मेळ आणि नावीन्य, प्रत्येकाला 20 टक्के. गाणं कुठलं लागणार हे नाचणाऱ्याला आधी माहीत नसायचं, ते डीजे ठरवायचा. मला ही पद्धत बरीच विचार करून बनवलेली वाटली. तरी 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधे ब्रेकिंग नाहीये, आणि तो निर्णय पॅरिसच्या आधीच झालेला होता.

फिगर स्केटिंग मात्र 1908 पासून ऑलिम्पिकमधे आहे, आणि 2002 मधे सॉल्ट लेक सिटीला जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांवरून एवढा मोठा घोळ झाला की दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावं लागलं, मग सहापैकी गुण देणारी जुनी 6.0 ची पद्धत जाऊन प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकीला वेगळे गुण देणारी नवी पद्धत आली. पारदर्शकता वाढली हे खरं. पण जिथे गुण, तिथे लक्ष, त्यामुळे कार्यक्रम जास्तीत जास्त अवघड उड्यांनी भरायला लागले, अशी तक्रार तेव्हापासून होतेय. आपल्या मल्लखांबात हे चालतं, कारण तिथे अवघडपणा आणि सफाई हाच मुळी मुद्दा आहे. पण ठुमरीवर बसून अभिनय करणारी कथक कलाकार फक्त भुवई आणि मनगट हलवते आणि हॉल स्तब्ध होतो, तिला कुठल्या रकान्यात बसवणार?

बघणाऱ्याच्या मेंदूतही काहीतरी घडत असतं. लंडनमधेच 2005 च्या एका अभ्यासात बॅले आणि कापोएरा (ब्राझीलची नाचासारखी युद्धकला) शिकलेल्या लोकांना दोन्हींचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा स्वतः शिकलेल्या प्रकाराच्या हालचाली बघताना मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग जास्त जागे झाले. म्हणजे आपण नाच नुसता डोळ्यांनी बघत नाही, जे अंगात मुरलंय त्याच्या जोरावर बघतो. हे स्टॉपवॉचमधे येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, नाच ही कलाच आहे, पण नाचणारी व्यक्ती अ‍ॅथलीट आहे, आणि तिला अ‍ॅथलीटसारखं वागवलं पाहिजे.

कारण आपल्याकडे शिक्क्यावर बरंच काही अवलंबून असतं. 2022 मधे महाराष्ट्र सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, त्यासोबत अपघाती मृत्यू झाला तर 10 लाखांची मदत जाहीर झाली. गोविंदांना हे मिळालं याचा आनंदच आहे. पण तमाशाच्या फडावर रात्र रात्र, पायात घुंगरांचं वजन घेऊन नाचणाऱ्या बाईच्या घोट्याचं काय? विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना माहितीय, भर कार्यक्रमात कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर येऊन नाचल्या. आपण ती कलेची निष्ठा म्हणून सांगतो, आणि निष्ठा होतीच, पण मला ती ऐकताना राग येतो, की त्या बाईला त्या रात्री कुणी विश्रांती का दिली नाही. राष्ट्रपतींकडून सन्मान झालेल्या या कलावतीला उतारवयात पैशांची चणचण सोसावी लागली.

विज्ञान खरं तर तयार आहे. खेळाडू गरजेपेक्षा कमी खाऊन जास्त कष्ट करतात तेव्हा पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, या अवस्थेला 2014 मधे ऑलिम्पिक समितीने नाव दिलं, रेड-एस, आणि बारीक दिसण्याचा दबाव असलेल्या नाचात हा धोका चांगलाच असतो. बॅलेवर झालेल्या अभ्यासांतून हेही दिसलंय की क्लासमधे एक स्टेप, मग थांबून करेक्शन, अशा सरावात हृदयावर पडणारा ताण प्रत्यक्ष कार्यक्रमापेक्षा बराच कमी असतो, म्हणजे दमसासासाठी वेगळा व्यायाम लागतोच. आणि खेळाडूंनी नाचणाऱ्यांकडून शिकण्यासारखंही आहे, फुटबॉल-बास्केटबॉलमधे, खास करून मुलींमधे, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मोठं आहे, बॅले आणि मॉडर्न डान्सवाल्यांमधे ते बरंच कमी आढळलं, कारण बहुधा हेच की त्यांना लहानपणापासून खाली कसं उतरायचं, गुडघा पायाच्या रेषेत कसा ठेवायचा हे घोटून घोटून शिकवतात.

तेव्हा मुलांना क्लासला घालताना फी आणि वेळेसोबत जमीनही बघा. सिमेंटवर थेट फरशी आहे की खाली थोडी लवचिक लाकडी जमीन आहे, हे विचारा, वॉर्म-अप होतो का, आठवड्यात सुट्टीचा दिवस आहे का. मुलीची सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही तर "नाचते म्हणून होत असेल" म्हणून सोडून देऊ नका. आणि पायाच्या किंवा नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल, नाचताना वाढत असेल, तर तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतो, अशा वेळी अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला एकल कार्यक्रम, पुढे ढकला आणि आधी हाडांच्या डॉक्टरकडे जा.