सेवासातत्य (कौटुंबिक वैद्यक)

एका रुग्णाने वर्षानुवर्षे एकाच डॉक्टरकडे जात राहणे आणि त्या डॉक्टरला त्याची प्रकृती, मागची दुखणी, घरची माणसे व खर्चाची ऐपत ठाऊक असणे, याला कौटुंबिक वैद्यकात सेवासातत्य म्हणतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ व संशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक आरोग्यसेवेची चार लक्षणे मांडली : पहिला संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता आणि समन्वय. ठाणे-नवी मुंबईत ‘आमचे नेहमीचे डॉक्टर’ म्हणताना लोकांच्या मनात यातले दुसरे लक्षण असते. त्याची नोंद मात्र इथे क्वचितच होते, आणि या विषयावरचे स्थानिक संशोधन अडते ते तिथेच.

जेनी हॅगर्टी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सातत्याचे तीन प्रकार सांगितले : माहितीचे, उपचारयोजनेचे आणि नात्याचे. जुने रिपोर्ट पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचले तर पहिला प्रकार साधतो. मधुमेहाच्या गोळ्या एकाने सुरू केल्या आणि दुसऱ्याने न विचारता बदलल्या नाहीत, तर दुसरा. तिसरा कागदावर येत नाही. सासूसमोर सून काही बोलणार नाही हे ओळखून सासूला बाहेर बाकावर बसवणारा डॉक्टर, हा तो तिसरा प्रकार.

मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे वर्षभरातल्या एकूण भेटींपैकी ज्या डॉक्टरकडे सर्वाधिक भेटी झाल्या, त्याचा वाटा काढणे. ऐरोलीतल्या एखाद्या बाई वर्षात दहा वेळा डॉक्टरकडे गेल्या, त्यांतल्या सात भेटी सेक्टरातल्या नेहमीच्या दवाखान्यात, दोन मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत आणि एक गावी साताऱ्याला झाली, तर त्यांचा निर्देशांक ०.७ येतो. बाइस आणि बॉक्सरमन यांनी १९७७ मध्ये मांडलेला निर्देशांक उरलेल्या भेटी किती डॉक्टरांत विखुरल्या हेही हिशेबात घेतो. दोन्ही रीतींना प्रत्येक भेट कुठेतरी लिहून ठेवलेली लागते.

परदेशात ती लिहिलेली असते, त्यामुळे आकडे तिकडचे आहेत. डेनिस परेरा ग्रे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांपैकी १८ अभ्यासांत सातत्य जास्त असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. इंग्लंडमधल्या २०१७ च्या अभ्यासात ६२ ते ८२ वयाच्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद तपासली. निर्देशांक ०.२ ने वाढला की वेळीच बाह्योपचार (भरती न करता दवाखान्यात दिलेले उपचार) मिळाला तर टळू शकतील अशा भरती सुमारे ६ टक्क्यांनी कमी होत्या. सर्वांत जास्त चर्चा झाली ती नॉर्वेतल्या अभ्यासाची. होगने सांडविक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४५ लाख लोकांची माहिती घेतली. एकच डॉक्टर १५ वर्षांहून अधिक काळ असलेल्यांची तुलना त्यांनी एकाच वर्षाची ओळख असलेल्यांशी केली. पहिल्या गटात दवाखान्याच्या वेळेबाहेरच्या सेवेची गरज पडण्याची शक्यता सुमारे ३० टक्के, तातडीने भरती होण्याची २८ टक्के आणि मृत्यूची २५ टक्के कमी होती.

हे आकडे वाचताना हात थोडा आखडता ठेवावा. जो फार आजारी पडतो तो चार ठिकाणी हिंडतो, म्हणजे भेटींचा विस्कळीतपणा हा आजाराचे कारण नसून परिणाम असू शकतो. घर न बदलणारे, मिळकत स्थिर असणारे लोक मुळातच जास्त निरोगी असतात. संशोधक वय, आजार, शिक्षण यांचा हिशेब वजा करतात, पण सगळे वजा होत नाही. तरीही नॉर्वेत ओळखीची वर्षे वाढत गेली तसा फायदा पायरीपायरीने वाढत गेला, आणि केवळ योगायोगाने असे होणे कठीण आहे.

नॉर्वेत हे मोजता आले, कारण २००१ पासून जवळपास प्रत्येक रहिवाशाचे नाव एका ठरावीक डॉक्टरच्या यादीवर असते. आपल्याकडे अशी यादी नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विमा (ईएसआय) योजनेत महाराष्ट्रात पॅनेल डॉक्टरांची पद्धत आहे. विमाधारक कामगार जवळचा डॉक्टर निवडतो, त्याचे नाव त्या डॉक्टरच्या यादीवर चढते, आणि डॉक्टरला भेटीगणिक फी न मिळता यादीवरच्या माणशी ठरीव रक्कम मिळते. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतील कितीतरी कामगारांच्या घरांचा ‘आपला’ डॉक्टर असा ठरलेला होता. भरती व्हायची वेळ आली की वागळे इस्टेटचे कामगार रुग्णालय किंवा वाशीचे ईएसआय रुग्णालय. योजनेची पगारमर्यादा २०१७ पासून २१ हजार रुपये आहे. त्यापुढे पगार गेला की काही काळाने कामगार योजनेतून बाहेर पडतो आणि यादीवरचा डॉक्टरही सुटतो. पगारवाढीने डॉक्टर तुटावा, हा या योजनेतला विचित्र भाग आहे. वागळे इस्टेटमधले बरेच कारखाने गेले, त्या जागी आयटी कंपन्यांच्या इमारती आल्या. ही यादीपद्धत इतकी वर्षे चालू असताना तिच्या नोंदींकडे संशोधनाचे साहित्य म्हणून फारसे कुणी पाहिले नाही, हे खटकते.

खासगी दवाखान्यांत नोंदीची अडचण वेगळी आहे. नौपाडा, कोपरी, लोकमान्य नगर, कोपरखैरणे किंवा तुर्भे स्टोअरमध्ये संध्याकाळी गर्दी असलेला छोटा दवाखाना पाहिला तर काम कसे चालते ते कळते. कंपाउंडर नंबर देतो, डॉक्टर नावाने हाक मारतात, तपासतात आणि गोळ्या कागदी पुड्यांत बांधून मिळतात : पांढरी सकाळ-संध्याकाळ, पिवळी अर्धी रात्री जेवणानंतर. पुडीवर औषधाचे नाव नसते. केस पेपर असला तर त्यावर तारीख, ताप आणि दोन-तीन संक्षेप असतात. नात्याचे सातत्य इथे भरपूर आहे, माहितीचे जवळजवळ नाही. तोच रुग्ण रात्री कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात पोचला, तर कोणती गोळी चालू होती हे ना त्याला सांगता येते ना नातेवाइकांना. ‘ती पिवळी’ एवढेच उत्तर मिळते.

एका अंगाने पाहिले तर ही ओळखच दवाखान्याचा वेळ वाचवते. ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा २०१७ मध्ये आढावा घेतला गेला. त्यात बांगलादेशात ४८ सेकंद तर स्वीडनमध्ये २२.५ मिनिटे निघाली. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत नव्या माणसाचा इतिहास विचारून होत नाही. जुन्या माणसाचा विचारावा लागत नाही. म्हणून नौपाड्याहून घोडबंदर रोडला राहायला गेलेली कुटुंबे वाहतुकीत तास घालवून जुन्याच डॉक्टरकडे येतात, आणि ते वागणे दिसते तितके भाबडे नाही.

महापालिकांच्या सेवेत चित्र उलटे आहे. नागरी आरोग्य अभियान २०१३ पासून सुरू झाले. त्याच्या निकषानुसार सुमारे ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असते. नवी मुंबईत अशा केंद्रांवर केस पेपर निघतो, रजिस्टर भरले जाते, तीस वर्षांपुढच्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी नोंदवली जाते. ठाण्यात त्याच्या जोडीला ‘आपला दवाखाना’ सुरू करण्यात आला. पण बरेच डॉक्टर कंत्राटी असतात, बदलत राहतात. वस्तीत टिकून असते ती आशा ताई. दिघ्यात किंवा दिव्यात कोणत्या घरी बाळंतीण आली आणि कुणाच्या गोळ्या संपल्या आहेत, हे तिला माहीत असते. असे सातत्य कामाला येते याचा पुरावा दक्षिण आशियातलाच आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या ग्रामीण भागात ‘कोब्रा-बीपीएस’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. तिथे आरोग्य कार्यकर्त्या घरी जाऊन रक्तदाब मोजत व सल्ला देत. दोन वर्षांनी या गटातला वरचा रक्तदाब नेहमीच्या सेवेपेक्षा सुमारे ५ मिमीने जास्त उतरला होता. गोव्यात विक्रम पटेल यांच्या गटाने नैराश्यासाठी, आणि गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी नवजात बालकांसाठी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांवरच भिस्त ठेवली होती.

सातत्य म्हणजे चांगली सेवा असे समीकरण मात्र मांडता येत नाही. शेजारच्या मुंबईतली क्षयरोगाची उदाहरणे बोलकी आहेत. मुकुंद उपलेकर यांच्या १९९१ च्या अभ्यासात १०० खासगी डॉक्टरांनी क्षयावर ८० निरनिराळे औषधक्रम लिहिले. २०१० मध्ये झरीर उदवाडिया यांच्यासोबत पुन्हा पाहणी झाली तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ क्रम लिहिले आणि बरोबर चिठ्ठी फक्त सहांची होती. पुढे मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षित माणसे रुग्ण बनून दवाखान्यांत पाठवली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ३५ टक्के भेटींतच योग्य उपचार झाले; एमबीबीएस किंवा त्यापुढे शिकलेल्यांचे प्रमाण बरे होते. दोन आठवड्यांच्या खोकल्याला दर वेळी कफ सिरप देणारा डॉक्टर वीस वर्षे ओळखीचा असला तरी थुंकीची तपासणी तो लांबवतच जातो, आणि ओळखीमुळे रुग्ण दुसरीकडे जायलाही कचरतो. खासगी डॉक्टरांनी क्षयरुग्ण कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे निदान या एका आजारात खासगी दवाखान्यातली भेट सरकारी नोंदीत येते.

आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. त्यातल्या चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाने रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसरीकडे जाऊ शकतात, म्हणजे माहितीचे सातत्य साधू शकते. मात्र एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात संगणक नसेल आणि औषध पुडीत जात असेल, तर त्या क्रमांकाखाली चढवण्यासारखे काही तयारच होत नाही. तिथे सुरुवात औषधाचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीपासून करावी लागेल.