शालेय भोजन, मोफत व सवलतीचे (पुणे)

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना शाळेत विनामूल्य किंवा नाममात्र दरात जेवण देण्याची व्यवस्था. तिच्या दोन रीती आढळतात. एकीत घरचे उत्पन्न तपासून मूल पात्र ठरवतात. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या योजनेत दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाला जेवण मोफत मिळते. १३० ते १८५ टक्क्यांमधल्याला ते सवलतीत मिळते व दुपारच्या जेवणाचे ४० सेंटपेक्षा जास्त घेता येत नाहीत. दुसऱ्या रीतीत पटावरच्या प्रत्येक हजर मुलाला वाढतात. पुण्यातील शालेय पोषण आहार या दुसऱ्या रीतीचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि सवलतीचा दर असा प्रकारच नाही. निवड होते ती शाळेच्या प्रकारावरून.

पूर्वपीठिका : गरीब विद्यार्थ्याला जेवू घालण्याची पुण्यातली जुनी रीत म्हणजे माधुकरी आणि वार. माधुकरी मागणारा मुलगा झोळी घेऊन ठरलेल्या घरी जाई व शिजलेले अन्न घेऊन येई. वार लावलेला मुलगा आठवड्यातून एकेका दिवशी एकेका घरी जेवे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील (आजचे पुणे विद्यार्थी गृह) मुलेही माधुकरीवर शिकली. या रीतीचे कौतुक शहरात भरपूर झाले आहे. पण ती बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरती होती, आणि कोण कोणाकडे जेवतो हे सगळ्या आळीला ठाऊक असे. अस्पृश्य मानलेल्या मुलाला ही दारे बंदच होती. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम काढला. तो शालेय भोजनाचा उपक्रम नव्हे. तरीही आजच्या योजनेचे नाते माधुकरीपेक्षा त्याच्याशी अधिक जवळचे वाटते.

योजना : केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी पोषण साहाय्य सुरू केले. सुरुवातीला महाराष्ट्रात हजेरी ८० टक्के भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. तो सगळ्या घराच्या भातात जाई, शाळेतले मूल उपाशी ते उपाशीच. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले. पुढे सहावी ते आठवीचे वर्गही आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचे रूप दिले, तर २०२१ मध्ये योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ झाले. पालक आणि मुले मात्र अजून ‘खिचडी’च म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ धरून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ धरून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण आहे.

पुण्यातील व्यवहार : राज्याचे प्राथमिक शिक्षण संचालनालय पुण्यातच असल्याने योजनेची परिपत्रके येथूनच निघतात. जिल्ह्यातील आंबेगाव, राजगड (पूर्वीचा वेल्हे), भोरसारख्या तालुक्यांत स्वयंपाक शाळेतच होतो. चूल सांभाळणाऱ्या स्वयंपाकी व मदतनीस बहुतेक गावातल्याच बायका असतात. केंद्राने त्यांना महिना १,००० रुपये मानधन २००९ मध्ये ठरवले, तेही वर्षातले दहा महिनेच. राज्य त्यात भर घालते, पण भर घालूनही ते मजुरीच्या पासंगाला पुरत नाही. शहरात जागा नाही, म्हणून केंद्रीय स्वयंपाकगृहातून किंवा बचत गटाकडून डबे टेम्पोने येतात. एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन अधिवेशने भरत असतील तर वेळा सांभाळणे हीच मोठी कसरत. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन चव रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. वाहतुकीत अन्न निवते, पातळ वरणाचा रस्सा आणि भाताचा गोळा होतो, ही तक्रार नेहमीची. शाळेत शिजणाऱ्या खिचडीला ती लागू होत नाही.

पदार्थांची यादी २०२४ मध्ये वाढवली गेली. मसालेभात, मूगडाळ खिचडी, मटकीची उसळ, तांदळाची खीर, नाचणीचे सत्त्व असे प्रकार तीत आहेत. अंड्याचा वाद वेगळाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा वेगळा निधी थांबवून अंडी लोकसहभागातून द्यावीत असे ठरवले. वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्ताने कोणी शाळेला जेवण देते त्यास ‘स्नेहभोजन’ म्हणतात. ते चांगलेच, परंतु हक्काचे ताट देणगीवर सोपवण्याची जागा ती नव्हे.

मर्यादा : आहार सरकारी, महापालिकेच्या व अनुदानित शाळांनाच मिळतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आर्थिक दुर्बल घटकातून कोथरूड-बाणेरच्या विनाअनुदानित शाळेत गेलेल्या मुलाच्या घरचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असते. त्याची फी सरकार भरते, दुपारचा डबा मात्र आईनेच भरायचा. येथे उत्पन्नाचा दाखला आहे, जेवण नाही. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत खिचडी खाल्लेले मूल त्याच शाळेच्या नववीत गेले की आहाराच्या यादीतून त्याचे नाव निघते.