नानाकुमा लाइन (फुकुओका मेट्रो)

नानाकुमा लाइन म्हणजे जपानच्या फुकुओका शहरातली तिसरी मेट्रो, पूर्ण जमिनीखालून जाणारी. शहराच्या नैऋत्य भागात वस्ती वाढलेली, फुकुओका युनिव्हर्सिटी तिकडेच, पण जायला फक्त बस आणि त्या ट्रॅफिकमध्ये अडकायच्या, म्हणून ही लाइन काढली. 3 फेब्रुवारी 2005 ला हाशिमोतो ते तेंजिन-मिनामी असा 12 किमीचा, 16 स्टेशनांचा टप्पा सुरू झाला.

ही लिनियर मोटरवर चालते. प्लॅटफॉर्मवरून खाली पाहिलं तर दोन रुळांच्या मधोमध धातूची चपटी पट्टी दिसते, डब्याखालची मोटर या पट्टीच्या जोरावर गाडी पुढे ढकलते, चाकं फक्त वजन पेलतात. त्यामुळे डबे बुटके, बोगदाही लहान, म्हणजे खर्च कमी.

पण लाइन मुख्य रेल्वे स्टेशन हाकाताच्या अलीकडेच थांबली होती. तेंजिन-मिनामीला उतरून, अंडरग्राउंड मार्केटमधून साधारण अर्धा किलोमीटर चालून दुसऱ्या मेट्रोचं तेंजिन स्टेशन गाठायचं, आणि तिकडून हाकाता. म्हणून पुढचा 1.4 किमीचा तुकडा खणायला घेतला, आणि गंमत म्हणजे एवढ्याशा तुकड्यानेच लाइन जगभर गाजली.

8 नोव्हेंबर 2016, पहाटे सव्वापाच. हाकाता स्टेशनसमोरचा रस्ता खचला. खाली बोगद्यात पाणी आणि माती आत घुसायला लागल्यावर कामगार वेळेत बाहेर पळाले, वर रस्ताही अडवला, म्हणून कोणाचा जीव गेला नाही. साधारण 30 मीटर लांब आणि 15 मीटर खोल खड्डा, सिग्नलचा खांब आत, शेजारच्या बिल्डिंगचा पाया उघडा. बोगद्याच्या डोक्यावरचा खडकाचा थर समजला होता तेवढा मजबूत नव्हता आणि वर भूजलाचा दाब, हे कारण नंतर तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं. पाण्यातही घट्ट होणारी माती ओतून खड्डा भरला, पाइप-वायरी जोडल्या आणि 15 नोव्हेंबरला रस्ता चालू! हे फोटो सगळीकडे फॉरवर्ड झाले. पण तोच रस्ता 26 तारखेला पुन्हा 7 सेंटिमीटरपर्यंत खाली बसला, आणि भरलेल्या जागेतून बोगदा परत खणायचा होता, तेही आधी जमीन पक्की करून, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं.

आधी 2020 च्या सुमारास होणारं काम शेवटी 27 मार्च 2023 ला उघडलं. मध्ये कुशिदा-जिंजा-माए हे नवीन स्टेशन आहे, जुलैतल्या यामाकासा उत्सवाचं देऊळ तिथून जवळच. आता थेट हाकाता गाठता येत असल्याने चार डब्यांच्या त्या बुटक्या गाडीत सकाळी चांगलीच गर्दी असते.