मायग्रेट केलेल्या सिस्टीमचं ऑटोमेटेड रिग्रेशन आणि परफॉर्मन्स टेस्टिंग

धंद्याचं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजे फॉक्सप्रो, कोबोल वगैरे जुन्या भाषांत लिहिलेलं, नव्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर नेलं, म्हणजे मायग्रेट केलं, की दोन गोष्टी बघाव्या लागतात. आधी जे बरोबर निघत होतं ते अजून तसंच निघतंय का, हे रिग्रेशन, आणि खरी गर्दी झाली की सिस्टीम दम धरते का, हे परफॉर्मन्स. हाताने करत बसलं तर वर्ष जाईल, म्हणून स्क्रिप्ट लिहून मशीनकडनं करून घ्यायचं. स्क्रीनवरच्या कामाला २००४ साली आलेलं सेलेनियम आणि लोड म्हणजे गर्दीचा ताण तपासायला जेमीटर ही जुनीजाणती टूल्स, दोन्ही फुकट.

कोल्हापुरात हे समजून घ्यायला गावातली दूध संस्था बघा. सकाळ-संध्याकाळ संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दरपत्रक, दर १० दिवसांनी बिल. मागच्या १० दिवसांच्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये जशाच्या तशा टाकायच्या आणि दोन्हीकडची बिलं ओळीला ओळ लावून ताडायची. समजा ७.३ लिटर दूध, दर ४८.३५, तर झाले ३५२.९५५ रुपये. कोबोलमध्ये राउंड कर असं वेगळं सांगितलं नसेल तर पुढचा आकडा सरळ कापला जातो, ३५२.९५. नव्या प्रोग्राममध्ये राउंड करून ३५२.९६. एका पैशानं काय होतंय असं प्रोग्रामरला वाटतं, पण दिवसाला दोन वेळा, शेकडो सभासद, वर्षभर, आणि ताळेबंद जुळेना झाला की रात्र रात्र बसायला लागतं. जुनं उत्तर बरोबरच असतं असंही नाही बरं का, पण फरक कुठं पडला आणि तो ठेवायचा की काढायचा हे संस्थेनं ठरवायचं, डेव्हलपरनं गपचूप नाही.

नावांचं दुखणं वेगळंच. जुना डेटा श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, आणताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, वर नावांचा क्रमही बदलतो. त्यामुळं तुलना सभासद नंबरवरच करायची, नावावर केली की शंभर खोट्या चुका दिसतात आणि खरी एक त्यात लपते.

परफॉर्मन्समध्ये सरासरी बघून खूश होऊ नये. १०० पैकी ९० पावत्या १ सेकंदात आणि १० पावत्या ३० सेकंदात निघाल्या तर सरासरी येते ३.९ सेकंद, ऐकायला झकास, पण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्या १० गाड्यांमागं ऊस घेऊन लाइन लागलेली असते. म्हणून ९५ पर्सेंटाइल बघतात, म्हणजे १०० पैकी ९५ पावत्या किती वेळाच्या आत निघाल्या ते. अजून एक, स्क्रिप्ट परत परत एकच खातं उघडत राहिली तर कॅशमुळं (नुकताच वाचलेला डेटा सिस्टीम हाताशी ठेवते त्यामुळं) सगळं सुसाट दिसतं, खाती बदलत ठेवायला लागतात. मायग्रेशनमध्ये एखादा इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेसनं ठेवलेली सूची) राहून गेलेला असला तर तो पाच युजरवर कळत नाही, बिलाच्या दिवशी कळतो.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये सिस्टीम बदलली आणि लाखो ग्राहकांना आपलं असलेलं खातं ऑनलाइन बघता येईना. दोन डेटा सेंटरपैकी एकावरच लोडची टेस्ट झाली होती असं चौकशीत निघालं, २०२२ मध्ये ४.८६५ कोटी पौंडांचा दंड बसला.

कारखान्याला बदल करायला पावसाळा मोकळा मिळतो, गाळप बंद असतं. दूध संस्थेला तशी सवलत नाही, म्हशी सुट्टी घेत नाहीत, त्यामुळं तिथं एक-दोन बिलं तरी जुनी आणि नवी सिस्टीम सोबत चालवायची आणि पैसे जुन्याच बिलावर वाटायचे.