कोल्हापूरची पूररेषा : वाद नेमका कशाचा

पंचगंगेला पूर नवा नाही हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. वाद आहे तो पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या पूररेषेचा, ती नदीकडे आत सरकवा अशी मागणी आहे. नदीची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ. १९८९ च्या पुरानंतर नदीकाठच्या चिखली गावच्या लोकांना वर सोनतळीला प्लॉट दिले, पण शेती आणि जनावरं खाली गावातच, त्यामुळे अर्धं गाव पावसाळ्यात वर अन् पाणी उतरलं की परत खाली, हे अजून चालूच आहे. २००५ ला शहरातही पाणी शिरलं, तेव्हा सगळे म्हणाले एवढं परत काय येत नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट. पातळी ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद, शहराला बाहेरून दूध-पेट्रोल यायचं थांबलं, आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे चारी बाजूंनी पाणी असताना नळ मात्र कोरडे. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फूट पण ओलांडले.

आता मुद्द्याचं. राज्यात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नाही. लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोघींच्या मधल्या पट्ट्यात काय करायचं यावरच सगळी भांडणं आहेत, कारण तिथं अटी घालून बांधकाम चालतं, आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत अट अशी की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे. तारीख बघा, दोन महापुरांच्या बरोब्बर मधली. कागदावर अट बरोबर वाटते, पण जोतं वर न्यायचं म्हणजे बहुतेक जण काय करतात तर भराव टाकतात. मग त्याचं घर वाचतं आणि ते पाणी शेजारच्या जुन्या वाड्यात, गल्लीत जातं. पट्ट्यात प्रत्येकजण नियमाप्रमाणेच वागला तरी नदीची पसरायची जागा कमीच होत जाते, हे नियमात कुठं मोजलेलं नाही.

बिल्डर लोकांचं म्हणणंही सोडून देता येत नाही. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द एक इंचही वाढलेली नाही, जेमतेम ६७ चौरस किलोमीटर, आजूबाजूच्या गावांचा हद्दवाढीला कायम विरोध, मग माणसं राहायला जाणार कुठं? रेषा नदीकडे आत घ्या, बांधायला जागा मोकळी होईल, म्हणणारे हेच सांगतात. पण 'शंभर वर्षांचा' पूर तीन वर्षांत दोनदा आल्यासारखा वाटत असेल तर आधी शंभराचं ते गणित तपासायला पाहिजे, पाऊस जुन्या नोंदींप्रमाणे पडतोय असं धरून चालणार नाही. रेषा आत सरकवायची मागणी मला तरी उलटी वाटते.

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळे इथं पूर येतो असंही म्हणतात. त्याचं सांगायचं तर २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या समितीने धरणाला मुख्य कारण मानलं नाही, पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. तरी कर्नाटक उंची वाढवायची म्हणाला की इथं आंदोलन ठरलेलं. भीती अगदीच हवेतली नाही, पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असली की पंचगंगा मागं तुंबते. पण अलमट्टीवर बोलणं सगळ्याच पक्षांना सोयीचं, गावातल्या भरावावर बोललं की मतं जातात. शिरोलीचा हायवेचा भराव पण त्यातलाच, तिथं पाणी जायला कमानी करा ही मागणी जुनी.

गंमत म्हणजे शहराने हवामान बदलाला तोंड द्यायला केलेलं सगळ्यात कामाचं काम भलत्याच कारणासाठी सुरू झालं. काळम्मावाडी धरणातून शहरापर्यंत थेट पाइपलाइन मागितली होती पंचगंगेच्या घाण पाण्यामुळे, कावीळ नको म्हणून. अनेक वर्षं रखडून २०२३ च्या दिवाळीत पाणी आलं, आणि आता नदीकाठची जुनी उपसा केंद्रं बुडाली तरी शहराला दुसरा आधार आहे.

सध्या चर्चा आहे ती पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवायच्या योजनेची, त्यासाठी परदेशी कर्ज, आकडा ३ हजार कोटींच्या पुढचा. निळ्या आणि लाल रेषेमधल्या भरावांचं काय करायचं ते मात्र त्यात येत नाही, ती परवानगी अजून महापालिकेच्याच टेबलावरून सुटते.