गोव्यातले हाफ तिकीट : उरलेले अर्धे कोण भरतो?

गोव्यात विद्यार्थ्याला बसचे अर्धे भाडे लागते. ही सवलत 1978-79 च्या विद्यार्थी आंदोलनाने मिळवलेली आहे, हे आज बसमध्ये ओळखपत्र पुढे करणाऱ्या मुलांना सहसा ठाऊक नसते. त्यांच्या आईवडिलांपैकीही अनेकांना नसते. सवलतीवरून बसमध्ये होणारे आजचे वाद समजून घ्यायचे तर त्या काळापर्यंत मागे जावे लागते.

1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा इथे सरकारी बस नव्हती. पोर्तुगीज अमदानीत गाड्या खाजगी मालकांच्या होत्या आणि मुक्तीनंतरची जवळपास दोन दशके तसेच चालले. शेजारच्या महाराष्ट्रात एसटी गावोगाव पोहोचत होती, गोव्यात मात्र बस म्हणजे कुणाची तरी मालकीची गाडी. त्याच काळात शिक्षण झपाट्याने वाढले. 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झाले, पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, आणि दहा-बारा वर्षांत पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोणची मुले मॅट्रिक होऊन कॉलेजच्या दारात उभी राहिली. कॉलेजे शहरांत, मुले गावांत. मधले अंतर खाजगी बसने कापायचे, आणि नदी आली की फेरीबोटीने. जुवारीवरचा पूल 1983 साली झाला. तोपर्यंत पणजी-मडगाव प्रवास म्हणजे आगशीपर्यंत बस, तिथून कुठ्ठाळीला बोट, मग पुन्हा बस. आमच्याकडे फेरीबोटीत पायी प्रवाशाला पैसे पडत नाहीत, बसमध्ये मात्र प्रत्येक टप्प्याला पडतात. शेतकऱ्याच्या, रेंदेराच्या (माडाची सूर काढणाऱ्याच्या), खाणीवरच्या मजुराच्या घरात महिन्याच्या बसभाड्याचा हिशेब कॉलेजच्या फीपेक्षा जड जायचा.

त्यात 1973 नंतर जगभर तेल महागले आणि भाडी वाढत गेली. विद्यार्थ्यांनी मागणी केली ती अगदी साधी: बसभाड्यात पन्नास टक्के सवलत. मोर्चे निघाले, बंद झाले, लाठीमार झाला, मुलांना अटकही झाली. मुख्यमंत्री होत्या शशिकला काकोडकर. बांदोडकरांच्या निधनानंतर, 1973 पासून, त्या सत्तेवर होत्या आणि मुलींच्या, बहुजनांच्या शिक्षणाबद्दल त्यांची कळकळ खरी होती. म्हणूनच त्यांचे सरकार आणि विद्यार्थी असे समोरासमोर यावेत याची मला आजही हळहळ वाटते. एप्रिल 1979 मध्ये त्यांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षात फूट पडून ते सरकार कोसळले. त्याला केवळ आंदोलन कारण होते असे म्हणणे बरोबर ठरणार नाही. पण त्या हिवाळ्यात सरकारची पकड सैल झाली होती, हे त्या काळातले लोक सांगतात.

विद्यार्थ्यांना अर्धे भाडे मिळाले. पाठोपाठ 1980 मध्ये, मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांच्या कारकिर्दीत, गोवा सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाची स्थापना झाली. चांदोर आणि गोपकपट्टणहून राज्य केलेल्या राजघराण्याचे नाव त्याला दिले. महाराष्ट्राची एसटी 1950 च्या मार्ग परिवहन कायद्याखालची, कदंब मात्र कंपनी कायद्याखाली नोंदलेली सरकारी कंपनी. हा फरक कागदावरचा वाटतो, पण कंपनी म्हटली की नफातोट्याचा ताळेबंद दरवर्षी डोळ्यांसमोर येतो आणि सवलत हा त्या ताळेबंदातला खर्च ठरतो.

माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. अर्धे तिकीट दिले तरी बसला डिझेल पूर्णच लागते. उरलेले अर्धे कुणीतरी भरावेच लागते. कदंब ते सोसते तेव्हा शेवटी सरकारी तिजोरी भरपाई करते, म्हणजे आपण सगळे. खाजगी बसमध्ये ते मालकाच्या गल्ल्यातून जाते. मोटार वाहन कायद्याने भाडे ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे, 1988 च्या कायद्यात कलम 67. मालकाला वाटेल तेव्हा दर वाढवता येत नाही. डिझेल वाढते, सुटे भाग वाढतात, भाडे मात्र अधिसूचना निघेपर्यंत तिथेच. मग कंडक्टरला दप्तर पाठीवर घेतलेली सात मुले म्हणजे साडेतीन माणसे दिसू लागतात. शाळा सुटण्याच्या वेळेला स्टॉपवर गाडी न थांबवता पुढे दामटणे, हाफ तिकीटवाल्याला ‘फाटीं वच’ (मागे जा) म्हणत दारातून मागे रेटणे, हे गोव्यातल्या कुठल्याही आईला विचारा. त्या कंडक्टरचे वागणे चूकच आहे, पण त्याला तिथे आणून उभे करणारा हिशेब सरकारने चाळीसहून अधिक वर्षे नीट सोडवलेला नाही, याचा मला खरा राग आहे.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. खाजगी बसमालकांसाठी इंधन अनुदान आले, आणि ते वेळेवर मिळत नाही ही तक्रारही सोबत आली. अनुदानित शाळांना बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, मिळाले, त्यामुळे लहान मुलांचा प्रश्न बराच हलका झाला. अलीकडच्या ‘म्हजी बस’ योजनेत खाजगी गाड्या कदंबच्या व्यवस्थेखाली चालवायचा विचार आहे. 2024 मध्ये पणजी शहरात स्मार्ट सिटीच्या विजेवरच्या बसेस आल्या.

पात्रतेची यादीही हळूहळू लांबली. विद्यार्थ्यांबरोबर स्वातंत्र्यसैनिक, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग. दिव्यांगत्वासाठी 2016 च्या कायद्याचा 40 टक्क्यांचा निकष आणि त्याचे प्रमाणपत्र लागते. ज्याच्याकडे कागद नाही तो पात्र असूनही पूर्ण पैसे मोजतो, आणि कागद सर्वात कमी असतात ते सर्वात गरीब माणसाकडे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या सुमारे 45 टक्के घरांत मोटार होती, देशात सर्वाधिक. दुचाकी तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आज बसमध्ये उरली आहेत ती मुले, म्हातारी माणसे, बाजाराला निघालेल्या बायका आणि कामावर जाणारे मजूर. भाड्याचा एक एक रुपया ज्यांना मोजावा लागतो, बस त्यांचीच आहे.

सीमेवर हा प्रश्न आणखी टोचतो. महाराष्ट्राने एसटीत 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून मोफत आणि महिलांना मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. कर्नाटकात जून 2023 पासून महिलांना मोफत प्रवासाची शक्ती योजना आहे. पण या सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) उपचाराला किंवा पणजीत कामाला येणाऱ्या बाईची सवलत गोव्याच्या हद्दीवर संपते. आजार आणि रोजगार मात्र हद्द ओलांडून येतात.

खाजगी मालकाला विद्यार्थ्यांच्या अर्ध्या तिकिटाची थेट भरपाई द्यावी, अशी मागणी अधूनमधून होते आणि मला ती रास्त वाटते. अडचण मोजणीची आहे. कदंबचा कंडक्टर यंत्रातून तिकीट काढून देतो. खाजगी बसमध्ये पैसे हातात पडतात, तिकीट बहुतेक वेळा मिळतच नाही. कापलेच न गेलेले हाफ तिकीट मोजणार कसे? त्यामुळे भरपाईचा कुठलाही विचार खाजगी कंडक्टरच्या हाती तिकिटाचे यंत्र देण्यापासून सुरू करावा लागेल, आणि प्रवाशानेही तिकीट मागून घ्यावे लागेल.